चैत्रासाठी कापडी तोरण: गोधडीच्या टाक्याने पहिली शिलाई

होळी ते पाडवा यांत पंधरवड्याचं अंतर असतं. बटण लावण्यापलीकडे हातात कधी सुई न धरलेल्या माणसालाही तेवढ्या दिवसांत एक कापडी तोरण सहज जमतं. पाडव्याच्या सकाळी दाराला आंब्याच्या पानांचं खरं तोरण हवंच, त्याला कापडाचा पर्याय शोधायचं कारण नाही. पण मार्च-एप्रिलच्या उन्हात ती पानं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वळतात आणि करपतात, चैत्र मात्र पुढे महिनाभर चालतो. शुद्ध तृतीयेला गौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. मधे हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हं, येणंजाणं. त्या महिन्याभराच्या दारासाठी हे तोरण आहे.

काम गोधडीचंच, फक्त तळहाताएवढ्या पानांवर. वरचं कापड, मधला थर, खालचं कापड आणि तिघांना एकत्र धरणारा साधा धावदोरा. कोल्हापूर-साताऱ्याकडे जिला वाकळ म्हणतात तिचंही तंत्र हेच. अंथरायची गोधडी पहिल्यांदाच करायला घेतली तर ती बहुधा पलंगाखालच्या पेटीत अर्धवट पडून राहते. पान एका बैठकीत होतं, बिघडलं तर टाकून देताना जीव तुटत नाही, आणि नऊ पानं होईस्तोवर हाताला टाक्याचं वळण लागतं.

सगळ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: मधला थर पातळ ठेवा. नवखे लोक दुकानातून फुगीर पॉलिस्टरची शीट आणतात, कारण फोटोत तसं गुबगुबीत दिसतं. एवढ्याशा पानात ती भरली की टोक उलटत नाही, कडा गोल होतात, धावदोरा त्यात बुडून दिसेनासा होतो आणि इस्त्री जरा जास्त तापली तर आतलं सगळं चिकटून बसतं. जुन्या गोधड्यांमध्ये विरलेली लुगडी आणि धोतरं भरत, ती काही केवळ काटकसर नव्हती. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती कापडातून सुई लोण्यातून जावी तशी जाते. तेव्हा आतल्या थरासाठी जुनी मऊ सुती साडी शोधा, दोन पदर करून वापरा. ती नसेल तर लहान बाळांच्या दुपट्यांना वापरतात ते फ्लॅनेल, एकच पदर. तेही नसेल तर जुनी सुती चादर चालेल.

मापं

आधी दार मोजा. चौकटीच्या आतल्या बाजूने, वरच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. इथली मापं चाळीस इंची दारासाठी आहेत. शिंपीकामात आपल्याकडे इंचच चालतात, म्हणून टेपची तीच बाजू वापरू.

तोरणाला वर दोन इंच रुंदीची पट्टी, तिच्याखाली नऊ पानं. पान तयार झाल्यावर अडीच इंच रुंद आणि साडेपाच इंच लांब. दोन पानांमध्ये दोन इंच मोकळी जागा, आणि त्या जागेत झेंडूसारखी चुणीदार कापडी फुलं, एकूण आठ. खरं आंब्याचं पान याहून निमुळतं असतं हे मला माहीत आहे. पण कापडात निमुळतं पान उलटवणं हा नवख्याचा छळ आहे, त्यामुळे इथे पान थोडं भरलेलं घेतलंय.

दार लहान-मोठं असेल तर पानाचं माप बदलू नका, पानांची संख्या बदला. एका पानाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत साडेचार इंच हा हिशेब धरला की झालं. संख्या विषम ठेवली की एक पान बरोबर मधोमध येतं आणि आखणी सोपी जाते.

कापड

पानांसाठी हिरवं सुती कापड. चव्वेचाळीस इंची पन्ह्याचं असेल तर गडद हिरवं पाव मीटर आणि पोपटी पाव मीटर पुरतं, गडद समोर आणि पोपटी मागे. पंखा लावला की पानं हलतात आणि मागचा पोपटी रंग मधूनच दिसतो, कोवळ्या पालवीची आठवण देतो. ब्लाउजपीस असतील तर उत्तमच. प्रत्येक मराठी घराच्या कपाटात ओटीत आलेल्या, कुणालाच न होणाऱ्या ब्लाउजपीसांचा एक गठ्ठा असतो. तो आता बाहेर काढा. फक्त एक पाहा, कापड सुती हवं. सिंथेटिक कापडावर इस्त्रीची घडी बसत नाही आणि पानाची कड सुबक येत नाही. ओळखायला सोपं: कापडाचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. कागदासारखा जळून राख झाली तर सुती, वितळून काळा मणी झाला तर नाही. हे बेसिनवर करा, कापडाच्या गठ्ठ्याशेजारी नको.

वरच्या पट्टीसाठी जुन्या साडीचा काठ किंवा खण घ्या. बेचाळीस इंच लांब आणि तीन इंच रुंद असे दोन तुकडे लागतील, एक समोरचा आणि एक मागचा. मागचा कुठलाही साधा चालेल, मांजरपाटसुद्धा. समोरून खण दिसायला सुंदर, पण कापल्याबरोबर त्याचे धागे सुटू लागतात. खण वापरायचा असेल तर कापायच्या आधीच रेघेच्या आतून एक बारीक टीप मारून ठेवा. काठ तीन इंचांपेक्षा अरुंद असेल तर तो तीन इंची सुती पट्टीवर मधोमध ठेवून दोन्ही कडांनी शिवून घ्या आणि ती पट्टी पुढचा तुकडा म्हणून वापरा.

फुलांसाठी केशरी आणि पिवळे तुकडे. इथे कापड जितकं पातळ तितकं बरं. जाड पॉपलीनची फुलं ताठ होतात.

सगळं नवं कापड कापण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्याला आटतं. न भिजवलेलं वरचं कापड आणि वर्षानुवर्षं धुतलेलं आतलं कापड एकत्र शिवलं तर पुढच्या वर्षी धुतल्यावर वरचं आकसतं, आतलं तसंच राहतं आणि पान वाकडं होतं. रंगही तेव्हाच तपासा. ओल्या पांढऱ्या चिंधीने कापडाचा कोपरा जोरात घासा, चिंधीला रंग लागला तर ते कापड पुन्हा धुवा, आणि तरीही जात असेल तर बाजूला ठेवा. गडद हिरवा आणि लाल, या दोघांवर भरवसा ठेवू नये.

हत्यारं

मशीन असेल तर वापरा, नसेल तर अडत नाही. सुई बारीक पण मोठ्या नेढ्याची, भरतकामाला वापरतात ती. गोधडीसाठी मिळणारी लांब जाड सुई या पानांना नको, तिची भोकं दिसतात. जोडायला कापडाच्या रंगाचा साधा शिवणाचा दोरा, आणि वरच्या धावदोऱ्यासाठी भरतकामाची लडी. त्या लडीत सहा पदर असतात, त्यातले दोन वेगळे करून ओवा. रंग असा घ्या की टाका दिसेल: गडद हिरव्यावर पोपटी किंवा फिकट पिवळा. शिवून झाल्यावर टाका लपला तर एवढी मेहनत कशाला?

बाकी टाचण्या, कापडाचीच म्हणून वेगळी ठेवलेली कात्री, जाड पुठ्ठा आणि इस्त्री. आखायला गडद कापडावर आंघोळीच्या साबणाची झिजून पातळ झालेली चिपटी सर्वांत चांगली. रेघ बारीक उमटते आणि पाण्याने जाते. फिकट कापडावर हलक्या हाताने पेन्सिल. बॉलपेन मात्र चुकूनही नको. बोटाला अंगुस्ताना घालायची सवय नसेल तर मधल्या बोटाला चिकटपट्टीचे दोन वेढे घ्या.

पुठ्ठ्याचं पान

सहा इंच लांब आणि अडीच इंच रुंद कागद लांबीत मधोमध दुमडा. घडीच्या बाजूने मोजत, वरच्या टोकाला अर्ध्या इंचावर खूण करा. तिथून रेघ हळूहळू बाहेर नेत, वरून अडीच इंच खाली आल्यावर ती कागदाच्या कडेला टेकेल अशी न्या. तिथून वळवून घडीवर खालच्या टोकाला आणा. कापून उलगडा. वरचं तोंड एक इंच सपाट, मध्यभागी रुंद आणि खाली टोकदार असं पान मिळेल. वरचा अर्धा इंच पट्टीच्या शिलाईत जाणार आहे, म्हणून लांबी सहा घेतली. हे पान पुठ्ठ्यावर उतरवून कापा आणि वरून अर्ध्या इंचावर आडवी रेघ मारून ठेवा.

पान शिवणं

आता जिथे बहुतेकांची गडबड होते ती गोष्ट: थरांचा क्रम. कापडाचे चार इंच बाय सात इंचाचे तुकडे करा, नऊ गडद, नऊ पोपटी, आणि आतल्या थराचे नऊ. टेबलावर सगळ्यात खाली आतला थर. त्यावर गडद हिरवा तुकडा, सुलटी बाजू वर. त्यावर पोपटी तुकडा, सुलटी बाजू खाली. म्हणजे दोन्ही चांगल्या बाजू एकमेकींकडे तोंड करून आहेत आणि तुम्हाला वरून पोपटीची उलटी बाजू दिसतेय. आतला थर दोघांच्या मध्ये नाही, खाली आहे. हे पहिल्यांदा ऐकताना चुकीचं वाटतं, पण उलटवल्यावर तो आपोआप मध्ये जातो.

पोपटीच्या उलट्या बाजूवर पुठ्ठ्याचं पान ठेवून आखा. चार टाचण्या लावा. आणि अजून कापू नका. आधी आकार कापून मग शिवायला गेलं की कापड सरकतं आणि पान तिरपं होतं. आखलेल्या रेघेवर शिवा, मग कापा.

वरच्या डाव्या बाजूने सुरू करून रेघेवरून टोकापर्यंत या, आणि तिथून दुसऱ्या बाजूने वर. वरचं एक इंची तोंड उघडं ठेवा. मशीनवर टाका बारीक ठेवा. हाताने शिवत असाल तर इथे धावदोरा पुरत नाही, उलटी टीप घाला: एक टाका पुढे, अर्धा मागे. सुरुवातीला आणि शेवटी दोन-तीन टाके पुढे-मागे घेऊन शिलाई पक्की करा, कारण पान उलटवताना सगळा ताण तिथेच येतो.

टोकाशी एक युक्ती आहे. दोन रेघा जिथे मिळतात तिथे सरळ कोन करून वळू नका. टोकाच्या किंचित आधी थांबा, एक आडवा टाका घ्या आणि मग दुसऱ्या बाजूला वळा. कागदावर टोक बोथट दिसेल. पण उलटवल्यावर आत जाणाऱ्या कापडाला तेवढी जागा मिळते आणि तेच टोक जास्त अणकुचीदार दिसतं.

आता शिलाईपासून पाव इंच सोडून तिन्ही थर कापा. मग फक्त आतला थर शिलाईच्या अगदी जवळून कापून टाका, कात्री टिपेला लागू न देता. टोकाशी मार्जिन दोन्ही बाजूंनी तिरकं कापून कमी करा. गोलाईवर अर्ध्या-अर्ध्या इंचाने छोटे कट मारा, टिपेच्या जरा अलीकडेपर्यंत. ही दोन मिनिटं वाचवली की पानाच्या कडेला आतून गाठी आल्यासारखं दिसतं आणि मग इस्त्री कितीही फिरवा, जात नाही.

पान उलटवा. दोन्ही हिरव्यांच्या मधून बोट आत घाला, दुसऱ्या हाताने टोक बाहेरून आत ढकला आणि हळूहळू बाहेर काढा. टोक बाहेर काढायला बोथट काहीतरी घ्या, विणकामाची सुई किंवा पेनाचं टोपण. कात्रीच्या टोकाने कधीच नाही, ते हमखास आरपार जातं. कडा बोटांत मळून शिलाई अगदी काठावर आणा आणि गरम इस्त्री दाबा. पान चपटं, सुबक, पण थोडं कोरडं दिसेल. त्याच्यात जीव पुढच्या कामाने येतो.

शिरा: इथे सावकाश

साबणाच्या चिपटीने पानाच्या मधोमध रेघ मारा, वरून टोकाच्या अर्धा इंच अलीकडेपर्यंत. दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरप्या शिरा, कडेपासून पाव इंच आत थांबणाऱ्या.

हातापासून कोपरापर्यंत येईल इतकाच दोरा ओवा, साधारण अठरा इंच. लांब दोरा घेतला की वेळ वाचतो असं वाटतं, पण तो गुंततो, त्याचा पीळ सुटतो आणि शेवटी जास्त वेळ जातो. टोकाला एकच छोटी गाठ मारा. गाठ बाहेर दिसायला नको, म्हणून सुई शिरेच्या सुरुवातीपासून इंचभर दूर वरच्या कापडातून आत घाला, आतल्या थरातून नेऊन शिरेच्या सुरुवातीला बाहेर काढा आणि दोरा हलकाच ओढा. टक्कन आवाज येतो आणि गाठ कापडातून आत जाऊन अडकते. तो आवाज ऐकला की समजायचं, नीट बसली. फार जोर लावला तर आरपार निघून येते. मग पुन्हा.

आता धावदोरा. सुई कापडाला शक्य तितकी उभी धरा, तिरपी गेली तर मागचा टाका लहान येतो किंवा मागचं कापड पकडलंच जात नाही. खालच्या हाताचं बोट पानाखाली ठेवा. सुईचं टोक त्या बोटाला जाणवलं की ती वर वळवायची. इंचाला चार टाके हे सुरुवातीला चांगलं माप आहे. टाका आणि मधली जागा सारखी असावी. टाका अगदी बारीक नसला तरी चालतं, एकसारखा दिसला की झालं. पहिल्या दोन-तीन पानांत सुईवर एका वेळी एकच टाका घ्या, मग दोन, मग तीन. दर काही टाक्यांनी पान उलटून मागची बाजू पाहा.

दोरा किती ओढायचा, हे शब्दात सांगणं अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. दोरा कापडावर आडवा होऊन बसला आणि टाक्याच्या दोन टोकांना अगदी हलका खड्डा पडला, की थांबा. त्यापुढे ओढलं की पान होडीसारखं वळायला लागतं. प्रत्येक शीर संपली की गाठ मारायच्या आधी दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी ती शीर मधून बाहेर ताणून सपाट करा. जास्त ओढलेला दोरा तेव्हा थोडा मागे सरकतो. थोड्या लहरी राहिल्या तर राहू द्या. गोधडीचा तो चुरगळलेला पोत लोक मुद्दाम शोधतात.

एका शिरेवरून दुसरीवर जाताना दोरा तोडायची गरज नाही. सुई आतल्या थरातून नेऊन पुढच्या शिरेच्या सुरुवातीला काढा. शेवटी कापडालगत गाठ मारा, सुई आतून इंचभर पुढे काढा, गाठ आत ओढा आणि दोरा कापडालगत कापा.

पहिलं पान आणि नववं पान शेजारी ठेवून पाहिलं की फरक डोळ्यांत भरतो. पट्टीवर लावताना सुरुवातीची पानं दोन्ही टोकांना लावा आणि नंतरची मध्ये.

फुलं

ही सगळ्यात सोपी, मुलांनाही करता येतील. चार इंच व्यासाचं गोल आखा, डब्याचं झाकण घेतलं तरी चालेल. कापा. कड पाव इंच उलट्या बाजूला दुमडत दुमडत तिच्यावरून धावदोरा घाला आणि सुरुवात जिथे केली तिथे पोचल्यावर दोरा ओढा. कापड आकसून पावणेदोन इंचांचं चुणीदार फूल तयार होतं, मध्ये छोटं भोक. इथे एक उलटा नियम आहे: टाके जेवढे मोठे, तेवढं भोक लहान. नीटनेटकेपणाच्या हौसेने बारीक टाके घातले की चुण्या दाटतात आणि मधलं भोक मोठं राहतं. तेव्हा पाव इंचाचे टाके घाला. दोरा दुहेरी घ्या, ओढताना एकेरी दोरा तुटतो.

पट्टी आणि जोडणी

समोरच्या पट्टीची सुलटी बाजू वर ठेवून टेबलावर पसरा. मध्य काढा आणि खालच्या कडेवर खूण करा. तिथून दोन्ही बाजूंना दर साडेचार इंचांवर चार-चार खुणा. या नऊ खुणांवर पानं बसणार. पान पालथं ठेवायचं, म्हणजे गडद बाजू पट्टीकडे आणि पोपटी तुमच्याकडे, उघडं तोंड पट्टीच्या खालच्या कडेशी जुळवून. टोकं सगळी वरच्या दिशेला. हे उलटं दिसतं, आणि तसंच हवं. पाव इंचावर कच्चे टाके घालून नऊही पानं जागच्या जागी अडकवून घ्या.

आता मागची पट्टी सुलटी बाजू खाली करून वर ठेवा, टाचण्या लावा आणि फक्त खालची कड अर्ध्या इंचावर शिवा. उशीच्या अभ्र्यासारखं तिन्ही बाजूंनी शिवून उलटवायचा मोह होईल. तो टाळा, कारण पान पट्टीपेक्षा लांब आहे. त्याचं टोक वरच्या कडेच्या बाहेर येतं, आणि वरची शिलाई मारली की सगळी टोकं तिच्यात अडकतात. एक कड शिवून मागची पट्टी मागे वळवली की पानं खाली लोंबतात. कडेवर इस्त्री दाबा.

आतल्या थराची चाळीस इंच लांब, पावणेदोन इंच रुंद पट्टी दोघांच्या मध्ये ठेवा, खालच्या शिलाईला टेकवून. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या आणि बाजूच्या कडा अर्धा-अर्धा इंच आत दुमडून इस्त्री करा. टांगायला तीन फासे लागतील: चार-चार इंचांचे नाडीचे तुकडे, मधोमध दुमडून, दोन टोकांना आणि एक मध्ये. त्यांची टोकं वरच्या कडेत खोवा. टाचण्या लावून वरची आणि बाजूची कड बारीक हेमिंगने बंद करा. मशीनवर कडेने टीप मारली तरी चालते, पण समोरून दिसते.

मग पट्टीभर धावदोऱ्याच्या चार आडव्या ओळी, अर्ध्या-अर्ध्या इंचावर, पहिली वरच्या कडेपासून पाव इंच खाली. मध्यापासून सुरू करून एका टोकाकडे जा, मग पुन्हा मध्यापासून दुसऱ्या टोकाकडे. एका टोकापासून दुसऱ्याकडे गेलं की कापड पुढे सरकत जातं आणि शेवटी एका बाजूला झोळ जमतो. टाक्यांनी लांबी एखादा इंच कमी होते. बेचाळीस इंची पट्टी घेतली होती ती यासाठीच.

शेवटी दोन पानांच्या मधल्या जागांत फुलं, अर्धी पट्टीवर आणि अर्धी खाली लोंबती. चुण्यांच्या मधल्या भोकातून चार-पाच टाके घेऊन पक्की करा. दाराच्या चौकटीला तीन छोटे खिळे किंवा चिकटणारे हुक.

उरलेल्या तुकड्यांचं आसन

तोरण झाल्यावर तुकडे उरतातच. त्यांतून गौरीच्या पाळण्याखाली किंवा पाटावर घालायला आठ इंची चौकोनी आसन होतं. ते मात्र वेगळ्या पद्धतीने करून पाहा. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूर-मुंडगोडच्या भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंडी नावाच्या गोधड्या शिवतात. त्यांची रीत बाहेरून आत जाण्याची: कडेला सुरुवात करायची, तुकडे लावत आणि शिवत चौफेर फिरायचं आणि मध्यावर येऊन संपवायचं. आधी तुकडे जोडून वरचं कापड तयार करायची भानगडच नाही.

नऊ इंचांचं चौकोनी कापड घ्या, कडा चारही बाजूंनी अर्धा इंच वर दुमडा. त्यात आतल्या थराचा चौकोन बसवा. आता एका कोपऱ्यातून सुरू करा: तुकड्याची बाहेरची कड पाव इंच आत दुमडून आसनाच्या कडेशी जुळवा आणि धावदोरा घाला. तुकडा संपत आला की पुढचा त्याच्यावर थोडा चढवून, कड दुमडून ठेवा आणि शिवत पुढे जा. पहिली फेरी पूर्ण झाली की पाव इंच आत दुसरी, मग तिसरी, मध्यापर्यंत. कोपऱ्यांवर कवंडीत कापडाच्या घडीचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात, आणि त्यांच्याशिवाय गोधडी उघडी समजली जाते. दोन इंची चौकोन दोनदा तिरपा दुमडला की तसा त्रिकोण मिळतो. तो कोपऱ्यात पहिल्या फेरीबरोबरच शिवून टाका.

इथे आखणी नाही, रंगांची योजना नाही, हातात येईल तो तुकडा. ज्यांना तोरणाच्या मोजमापाने घाम फुटला त्यांना हे जास्त आवडतं.

धुणं आणि ठेवणं

तोरण अक्षय्य तृतीयेनंतर उतरवलं तर महिन्याची धूळ असतेच. आधी बाहेर नेऊन झटका. मग रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या गार पाण्यात दहा मिनिटं बुडवा, हाताने दाबा, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी शोषून घ्या आणि सावलीत सपाट वाळत घाला. फाशांवर टांगून वाळवलं तर ओल्या वजनाने पट्टी मधून लोंबते. थोडं दमट असतानाच पानांची टोकं बोटांनी सरळ करा आणि मागून इस्त्री फिरवा.

ठेवताना घडी घालू नका. जुन्या वर्तमानपत्राच्या सुरळीवर पांढरी चिंधी गुंडाळा आणि तिच्यावर तोरण पानं बाहेरच्या बाजूला ठेवून सैल गुंडाळा. सोबत सावलीत वाळवलेल्या कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी ठेवा. गुढीची डहाळी उतरवली की तीच वाळवून वापरता येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र बांधू नका, पावसाळ्यात आत दमट हवा कोंडते आणि सुती कापडावर काळे ठिपके पडतात. जुन्या उशीचा अभ्रा पुरतो.